उज्ज्वलाताईंचे घारे डोळे

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की उज्ज्वलाताई आधी इंजिन बंद करायच्या, मग डोक्यावरचं सन व्हायजर खाली ओढून त्यातल्या छोट्या आरशात बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "येते हं." मग व्हायजर वर, पर्स खांद्याला, डबा हातात, आणि आम्ही दोघी बर्फ तुडवत आत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच म्हणाल्या. मी "कुठे?" असं विचारलंसुद्धा. त्या हसल्या आणि थंडीविषयी बोलू लागल्या. मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत एखादा विषय टाळायचा असेल तर थंडी कायम हाताशी असते, अगदी एप्रिलातही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आरशात बघणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, मीही त्यातलीच. पण आपण बघतो ते केस, लिपस्टिक, फार तर दातात अडकलेली कोथिंबीर. उज्ज्वलाताई आरशात बघायच्या ते दाराशी पोचवायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. नागपुरात आमच्या बौद्ध घरात अंगात येणं, उतारे, दृष्ट काढणं असलं काही चालायचं नाही. आजोबा म्हणायचे, आधी प्रश्न विचार, मग घाबर. प्रश्न विचारून झाल्यावरही भीती उरली तर काय करायचं, हे मात्र सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ते मला उज्ज्वलाताईंच्या गाडीत बसून शिकावं लागलं.

मी इथे आले तेव्हा माझ्याकडे लायसन्स नव्हतं. त्या आमच्याच टाउनहोमच्या ओळीत राहायच्या आणि माझ्याच ऑफिसात टेस्टर होत्या. म्हणजे मी कोड लिहायचा आणि त्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, आणि येता-जाता एकाच गाडीतून. लग्नाच्या नवऱ्याजवळही इतका वेळ कोणी बसत नसेल. "मेघा, तुझा कोड म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर," त्या म्हणायच्या, "कपाट उघडलं की सगळं अंगावर." राग यायचा, पण कपाट आवरायला लागायचंच. बाई करडी, नेमकी, हिशोबी. घरातलं दह्याचं विरजण त्यांनी इतकी वर्षं मोडू दिलं नव्हतं. सुट्टीला जाताना ते शेजारच्या बाईंकडे ठेवून जायच्या, लोक कुत्रं ठेवतात तसं.

आणि त्यांचे डोळे. त्यांच्याबद्दल कोणीही बोलायला लागलं की डोळ्यांपासूनच सुरुवात व्हायची. राखाडी, त्यात किंचित हिरवी झाक, भोवती बारीकशी गडद कड. सावळ्या चेहऱ्यात असले घारे डोळे अचानक दिसले की माणूस वाक्य विसरायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नवीन आलेली एखादी काकू हमखास विचारायची, "तुम्ही कोकणातल्या का हो?" उज्ज्वलाताई म्हणायच्या, "नाही, मी मिरजेची. डोळे आईकडून आलेत." आणि पानातली जिलबी उचलायच्या. विषय संपला.

मंडळाच्या एका कार्यक्रमात जुन्या फोटोंचा स्लाइड शो होता. सगळे आपापले केस, आपापली पोटं बघून हसत होते. उज्ज्वलाताई वर्षावर्षाला वाढत होत्या, हनुवटी भरत होती, कानशिलं पांढरी होत होती. डोळे तेच. वयानं माणसाच्या नजरेत काहीतरी निवतं, गढुळतं. इथे काही हललंच नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेतला कोणाचा तरी मुलगा त्याच्या बहिणीला म्हणाला, "Her eyes are like, copy-pasted." त्याच्या आईनं त्याला चापटी मारली. मला मात्र त्याचं म्हणणं घरी जाईपर्यंत सोडेना.

मिनेसोटात हिवाळ्यात साडेचारला अंधारून येतं आणि घरोघरच्या खिडक्यांचे आरसे होतात. आपले लोक पटापट पडदे ओढतात. उज्ज्वलाताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदाच नव्हता. एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. त्यांची मुलगी ऋचा आली होती. ती इथेच जन्मलेली, रॉचेस्टरच्या शाळेत बँड शिकवते. ती टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. ताई कट ढवळत होत्या. पळीभर कट त्यांनी वाटीत घेतला, चाखला, आणि खिडकीच्या काळ्या काचेकडे बघून विचारलं, "मीठ?"

मी हसणार होते. तेवढ्यात त्यांच्याच तोंडून उत्तर आलं, जरा जड, जरा सावकाश, अनुनासिक. "मीठ आहे गं. गूळ घाल चिमूटभर. आणि किती वाळलीस उज्ज्वले."

मी काचेकडे पाहिलं. काचेत एक म्हातारी बाई उभी होती. घाऱ्या डोळ्यांची, ओठ मुडपून धरलेली, अगदी मायेनं बघणारी. मी झटकन ताईंकडे वळले, तर ताईच. ओठबीठ काही मुडपलेले नाहीत. त्या शांतपणे गुळाचा डबा उघडत होत्या. 

ऋचानं मान वर न करता मला सांगितलं, "Don't mind her, मेघामावशी. She does that. आजीशी बोलते." मग जरा वेळानं म्हणाली, "I wish I got those eyes, यार. बाबांचे ब्राऊन, आईचे असे, and I got these. कुठून आले कोण जाणे." तिचे डोळे काळेभोर, टपोरे. मी त्यांचं कौतुक केलं. उज्ज्वलाताई पाठमोऱ्या होत्या. त्यांनी कट ढवळणं थांबवलं, आणि पुन्हा ढवळू लागल्या.

नवरा श्रीकांतदादा हा शब्दाला महाग माणूस. एकदा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मी त्यांना धीर करून विचारलं की ताई आरशाशी बोलतात, तुम्हाला काही वाटत नाही का? त्यांनी फावडं टेकलं. "वाटतं ना," ते म्हणाले. "वीसेक वर्षं सासूबाईंच्या नजरेसमोर संसार करतोय." मी हसले. ते हसले नव्हते.

मागच्या जानेवारीत ताई गाडीत गॉगल घालून यायला लागल्या. बर्फावरचा उजेड टोचतो म्हणाल्या. मग एक दिवस त्यांनी व्हायजर ओढलं, आरशात पाहिलं, आणि "येते हं" म्हणताना आवाज चिरकला. मी गॉगल काढायला लावला. डावा डोळा लालभडक, पापणी सुजलेली, कडेला हिरवट पिवळा चिकटा. म्हणाल्या, रांजणवाडी असेल, रात्री गुलाबपाणी घातलंय. मी त्यांना गाडीतून उतरू दिलं नाही. जागा बदलायला लावली आणि स्वतः चालवत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. लायसन्स तोवर मिळालं होतं, पण त्या गाडीचं स्टिअरिंग मी पहिल्यांदा हातात धरत होते.

डॉक्टर तरुण बाई होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? उज्ज्वलाताई म्हणाल्या, नो. बाईनं त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिव्याची तिरीप आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यावर धरली. मग सरळ होऊन अगदी हळू आवाजात म्हणाली की दोन्ही डोळ्यांत रंगीत लेन्स आहेत, खूप जुन्या झालेल्या आहेत, आणि डाव्या लेन्सखाली बुबुळाला जखम झाली आहे. त्या जखमेत जंतू आहेत आणि ते बुबुळ खातायत. लेन्स आत्ता काढायला हवी. वाईट जातीचे जंतू असले तर डोळा दोन दिवसांत जाऊ शकतो.

मी खुर्चीत बसून होते. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी बसले, त्यांचे डोळे मी एकदाही पाहिले नव्हते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टर काही आणायला बाहेर गेली तेव्हा ताईंनी मला सांगितलं. सगळं, एका दमात, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत. त्यांची आई घारी होती. मिरजेत गल्लीतली पोरं तिला मांजर म्हणायची. मुलीनं आपले डोळे घेतले नाहीत, याची तिला रुखरुख होती, आणि ती ताईंना थट्टेनं म्हणायची, "एवढं दिलं, डोळे तेवढे इथेच विसरलीस की गं." ऋचा लहान होती, व्हिसाचे कागद अडकले होते, तेव्हा आई गेली. ताई तेव्हा मिरजेला गेल्या असत्या तर इथे परत येता आलं नसतं. त्या गेल्या नाहीत. फोनवर भाऊ म्हणाला, झालं सगळं. काय झालं, ते यांनी पाहिलंच नाही. पुढे काही महिन्यांनी मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात कोणा मैत्रिणीनं गंमत म्हणून रंगीत लेन्स घालून बघ म्हटलं. त्यांनी घातल्या आणि आरशात पाहिलं.

"आई उभी होती, मेघा. दुकानात, लाइटखाली. माझ्याकडे बघत होती."

त्या दिवसापासून दर महिन्याला नवी जोडी. पुढे कंपनीनं तो रंग बंद केला. ताईंनी जिथे मिळतील तिथून उरलेली खोकी गोळा केली आणि मग पुरवून वापरायला लागल्या. महिन्याची जोडी तीन महिने, मग सहा. लेन्सच्या डबीतलं पाणी सगळं कधी ओतलंच नाही. थोडं जुनं ठेवायचं, त्यावर नवं घालायचं, विरजणासारखं. काढताना फाटेल या भीतीनं शेवटी शेवटी काढणंच बंद केलं. झोपायच्याही त्यातच. श्रीकांतदादांना लेन्सचं माहीत होतं, ऋचाला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि लग्नातले फोटो मिरजेतच राहिले होते. आता डोळ्यांत होती ती शेवटची जोडी.

मी म्हटलं, ताई, लेन्स आहे ती. प्लॅस्टिक आहे. डोळा जाईल तुमचा.

त्या माझ्याकडे वळल्या. एक डोळा सुजून मिटलेला, एक घारा. "तिला अग्नी दिला तेव्हा मी नव्हते," त्या म्हणाल्या. "आता माझ्याच हातानं काढून टाकू?"

 आजोबांच्या सगळ्या प्रश्नांमध्ये हा नव्हता.

डॉक्टर आल्यावर ताईंनी दोन मिनिटं मागितली आणि त्या बाथरूममध्ये गेल्या. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज आला, मग बोलणं. ताईंचा आवाज विनवणीचा. मग तो दुसरा, जड, सावकाश. काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं, पण भांडण नव्हतं. दोन बायका एकमेकींची समजूत घालत होत्या. भर सकाळ होती, कॉरिडॉरमध्ये ट्यूबलाइट लख्ख होत्या, आणि मी दारापासून दोन पावलं मागे सरकले. दार उघडलं तेव्हा ताई एकट्याच बाहेर आल्या. लेन्स तशाच होत्या. म्हणाल्या, घरी जाऊन, हात धुऊन, नीट काढते. डॉक्टरनं परोपरीनं सांगितलं, मग थेंब दिले, दर तासाला घालायचे म्हणून बजावलं, उद्या सकाळी यायलाच हवं म्हणाली. तिच्या देशात पेशंटच्या डोळ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावता येत नाही.

मी त्यांना घरी सोडलं आणि गाडीत बसूनच ऋचाला फोन केला. ती म्हणाली, "What lenses?" मी सांगितलं.  "I'm coming," ती म्हणाली.

रस्त्यावर बर्फाचं वादळ होतं, ती पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. सकाळची वेळ ताईंनी मोडली होती. खोली अंधारी करून पडून होत्या. लेन्स काढल्या नव्हत्या. वरून थेंब मात्र इमानेइतबारे घालत होत्या. मी आणि ऋचा खोलीत गेलो तेव्हा आत आंबूस गोड वास होता. द्राक्षं फार दिवस पिशवीत राहिली की येतो तसा. तो वास अजूनही कुठे आला तर मी खिडकी उघडते.

ऋचा पलंगावर बसली. मी समजत होते ती ओरडेल. ती म्हणाली, "आई, मला बघू दे." ताई मान हलवत राहिल्या. ऋचानं हात धुतले होते. तिनं आधी उजवा, चांगला डोळा उघडायला लावला, अंगठ्यानं पापणी वर धरली आणि चिमटीनं ती लेन्स अलगद उचलली. उपसलेला बर्फ घरंगळावा तितक्या सहज ती निघाली. मी टेबलावरचा दिवा लावला.

लेन्सखालचा डोळा काळाभोर होता.

ऋचा बघतच राहिली. मग फोनचा कॅमेरा आपल्याकडे वळवून तिनं स्क्रीनमध्ये स्वतःचे डोळे पाहिले, आणि पुन्हा आईचा. "That's mine," ती म्हणाली. "आई, that's my eye. तू माझ्यापासून लपवलास?" आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

उज्ज्वलाताईंना ते सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या आपल्या आईला आरशात जपत होत्या, आणि त्यांच्याच घरात एक मुलगी आपल्याला कोणाचे डोळे आले म्हणून विचारत मोठी झाली होती. त्यांनी ऋचाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाल्या, "दुसरी पण काढ."

दुसरी मात्र इतक्या सहज निघाली नाही. ती क्लिनिकमध्ये काढली. डॉक्टरनं ती एका बाटलीत घालून तपासायला पाठवली. नंतर तिनं सांगितलं की त्या लेन्सवरून प्रयोगशाळेच्या थाळीत जे उगवलं ते हिरवट होतं, या जंतूंचा रंगच तो. ताईंनी विचारलं, कसं हिरवट? डॉक्टरनं खांदे उडवले. ताई माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "डोळ्यांसारखं असेल." मग आठवडे गेले. तासातासाचे थेंब, ऋचानं रजा टाकलेली, श्रीकांतदादांनी सगळ्या खिडक्यांना पडदे लावलेले. डोळा फुटला नाही, बाहुलीसमोर जखम भरली. पण भरताना फूल पडलं. दृष्टी गेली. उजेड-अंधार कळतो, पुढे कोणी उभं राहिलं तर सावली कळते, एवढंच.

त्यानंतर मी ताईंना आरशाशी बोलताना पाहिलं नाही. गाडी आता मी चालवायचे, त्या शेजारी गॉगल लावून बसायच्या. पार्किंगमध्ये त्यांचा हात व्हायजरकडे जायचा आणि अर्ध्यावरून मागे यायचा. मला ते बघवायचं नाही. आरशातली जी बाई मला आधी भेडसावत होती, तिची मला उणीव भासायला लागली होती.

या ऑक्टोबरात माझी बदली झाली, दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावाला. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. ऋचा आली होती, विरजणाची बरणी कपड्यात गुंडाळून माझ्यासाठी तयार होती. मी नको म्हणणार होते, पण त्या घरात विरजणाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ऋचा सांगत होती की दुसऱ्या कोणाचं बुबुळ बसवून डोळा परत मिळू शकतो, डॉक्टर म्हणते चान्स चांगला आहे, आई ऐकतच नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्या दारातल्या उन्हात उभ्या होत्या आणि खूप महिन्यांनी मी त्यांचा चेहरा गॉगलशिवाय नीट उजेडात पाहत होते.

उजवा डोळा काळाभोर होता, ऋचाचा. डाव्यावर फूल पसरलं होतं. पांढरं नव्हतं ते. काळ्या बुबुळावर पातळ पसरून ते राखाडी झालं होतं, किंचित हिरवट, आणि भोवती बुबुळाची काळी कड तेवढी राहिली होती.

मी काय बघते आहे ते त्यांना कळलं.

"मी नाही म्हणते ते यासाठी," त्या म्हणाल्या. त्यांच्याच आवाजात, इतक्या साध्या की ऋचानं मध्ये काही बोलायचं सोडून दिलं. "आधी मी तिला ओढून आणली होती. या वेळी ती आपणहून आली. आता मी तिला जा म्हणणार नाही."

मी वाकून नमस्कार केला. माझ्या गाडीत बसले, बरणी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. ताई पायरीवर आल्या. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून असेल, त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. उघडा राहिला तो दुसरा. त्यांनी ओठ मुडपले आणि मान किंचित कलती करून माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं, आणि त्या डोळ्याला काही दिसत नाही हे मला माहीत असूनही मी सीटवर नीट सरळ बसले.

"येते हं," मी म्हटलं.

"ये," उत्तर आलं, जरा जड, जरा सावकाश. "किती वाळलीस गं."

गाडी मागे घ्यायची होती. बाजूच्या आरशात पाहिलं असतं तर पायरीवर ऋचा आणि तिची आई, एवढ्या दोघीच दिसल्या असत्या, याची मला खात्री आहे. तरी मी आरशात न बघता, मान वळवून, खांद्यावरून बघत, गाडी रस्त्यावर काढली.